उघड्या फोल्डरची कैफियत

मी एक फोल्डर बोलतोय. कपाटात ठेवता तो पुठ्ठ्याचा नव्हे. एका वेबसाइटच्या पोटात 'अपलोड' नावाचा एक कप्पा असतो, तो मी. लोक बाहेरून जे जे पाठवतात ते माझ्यात येऊन पडतं. मला हातपाय नाहीत, डोळे नाहीत. पण माझ्यात आवाज साठवलेत, आणि आवाजांच्या संगतीत राहून मी ऐकायला शिकलो. जे ऐकलं त्याने माझी झोप उडाली ती उडालीच.

आधी माझ्या घराबद्दल सांगतो, म्हणजे माझी भीती तुम्हाला खोटी वाटणार नाही. एका थंडगार खोलीत लोखंडी मांडण्यांवर कॉम्प्युटर रचलेले आहेत. त्यातल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये शेकडो वेबसाइट बिऱ्हाड करून राहतात. याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. भिंती पातळ, पंख्यांची घरघर अखंड. माझ्या शेजारी एक फरश्या विकणारा आहे, पलीकडे जनावरांचा डॉक्टर, आणि कोपऱ्यात एक नृत्याचा क्लास. त्या क्लासच्या मालकिणीने येणंजाणं कधीच सोडलं होतं. तिच्या साइटला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. तिथून कधीकधी अनोळखी पावलांचा आवाज यायचा. मी तेव्हा नवा होतो. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील, असं समजायचो.

मला जन्माला घातलं ते एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईने. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबत तिने ही वेबसाइट उभी केली. कुणी शिकवलं नव्हतं. वाचून, चुकून, पुन्हा वाचून ती शिकली. हा सगळा खटाटोप तिच्या सासूसाठी होता.

सासूबाईंनी उभी हयात कोर्टात टंकलेखक म्हणून काढली होती. न्यायाधीश बोलायचे, वकील बोलायचे, साक्षीदार रडायचे, आणि या ते सगळं कागदावर उतरवायच्या. निवृत्तीनंतर एका दवाखान्याच्या टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीशी त्यांची ओळख झाली. त्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. ती कायद्याची परीक्षा द्यायचं म्हणत होती, पण पुस्तकं तिला वाचून कोण दाखवणार? कॉम्प्युटरचा आवाज कलम आणि पोटकलम एका दमात गिळून टाकायचा, अर्थाचा पार चेंदामेंदा करायचा. सासूबाईंनी तिचं नाव पहिल्याच दिवशी 'वकीलबाई' ठेवलं आणि म्हणाल्या, "मी वाचते. तू ऐक."

मग सासूबाई आतल्या खोलीत, दारंखिडक्या लावून, भिंतीला रजया टांगून वाचायला बसू लागल्या. सून मोबाइलवर ते रेकॉर्ड करायची. ती रेकॉर्डिंगं ठेवायला मी. वकीलबाई, आणि हळूहळू तिच्यासारखे आणखी काही जण, साइटवरून ती उतरवून घ्यायचे. त्यांना काही विचारायचं असलं तर तेही बोलून माझ्यातच पाठवायचे.

पण पहिली फाईल माझ्या दाराशी आली आणि तिथूनच परत गेली.

माझ्या दारावर तीन आकडे असतात. पहिला आकडा मालकासाठी, दुसरा त्याच्या गटातल्यांसाठी, तिसरा उरलेल्या सगळ्या जगासाठी. कुणी नुसतं बघावं, कुणी आत काही ठेवावं किंवा काढावं, कुणी आत शिरावं, हे त्या आकड्यांवरून ठरतं. सात म्हणजे सगळे हक्क. पाच म्हणजे आत या, बघा, पण कशाला हात लावू नका. माझ्यावर तेव्हा ७५५ होते. माझ्या मालकिणीला सगळे हक्क, बाकीच्यांनी लांबून बघावं. अडचण एवढीच झाली की वेबसाइटचा जो नोकर फाईल आणून ठेवतो, तो या यंत्रात मालकिणीच्या नावाने न वावरता परक्या नावाने वावरत होता. म्हणून दाराने त्याला अडवलं. पडद्यावर आलं, 'लिहिण्याची परवानगी नाही.'

सुनेने दोन-तीन दिवस डोकं खाजवलं. मग कुठल्याशा चर्चेच्या पानावर तिला कुणीतरी दिलेला सल्ला सापडला, '७७७ करा, लगेच चालेल.' तिने केलं. लगेच चाललं.

ज्याने हा सल्ला दिला तो आपल्या कामाला निघून गेला असेल. माझं दार मात्र त्या क्षणापासून सताड उघडं पडलं. कुणीही यावं, काहीही ठेवावं, काहीही उचलून न्यावं. मला थंडी वाजते असं म्हणता येत नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. सून स्वतःशी म्हणाली होती, "तात्पुरतं आहे. नंतर नीट बघू." नंतर तिला दुसरंच काही बघावं लागलं.

पुढच्या अडचणीत मात्र तिने घाई केली नाही. दुसरं प्रकरण लांबलचक होतं, फाईल मोठी झाली होती, आणि साइटला ठरावीक आकारापेक्षा मोठी फाईल गिळता येत नव्हती. तिने मर्यादा वाढवली, तरी पान कोरंच. तेव्हा तिला कळलं की उंबरे दोन आहेत. एक फाईल केवढी असावी याचा, आणि दुसरा एका खेपेत सगळं मिळून केवढं यावं याचा. पहिल्या उंबऱ्याची मर्यादा वाढवली आणि दुसरा तसाच ठेवला, तर आलेला माणूस दोन दारांच्या मध्येच अडकतो. तिने दोन्ही नीट केले आणि फाईल आत आली.

तो आवाज मी पहिल्यांदा जवळून ऐकला. थोडा घोगरा, पण स्वच्छ. जिथे स्वल्पविराम तिथे श्वास. 'परंतु' आणि 'तथापि' हे शब्द त्या असे उच्चारायच्या की ऐकणाऱ्याला पुढचं वळण आधीच कळावं.

सुनेला रेकॉर्डिंगची काटछाट जमत नसे. ती सगळं जसंच्या तसं टाकायची. त्यामुळे प्रकरणांच्या मागेपुढे घरातलं बोलणंही माझ्याकडे यायचं. अशाच एका फाईलच्या शेवटी मी हे ऐकलं.

"आई, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"बोलायचं नाही म्हणाले. वाचायचं नाही असं कुठे म्हणाले?"

"आई."

"अगं, स्वरयंत्रच काढणार आहेत ना? मग आता जपून कुणासाठी ठेवू? उद्या घर सोडणाऱ्या भाडेकरूने आज दिवे काटकसरीने लावायचे, तसलं काहीतरी."

फक्त कापड चुरगळल्याचा आवाज आला.

"रडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आरोपीला तरी वरच्या कोर्टात जाता येतं. माझ्या घशाला तेवढीही सोय नाही. चल, पान उलट. वकीलबाईची परीक्षा तोंडावर आलीय."

माझ्या मनात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तोवर मी एक कप्पा होतो. आता मला कळलं की हा आवाज लवकरच जगात कुठेही उरणार नाही, फक्त माझ्यात उरणार आहे. आणि माझं दार उघडं आहे.

त्यात भर म्हणजे सुनेचा मोबाइल जुना होता, सारखा भरायचा. प्रत्येक फाईल पाठवल्यावर साइट तिला सांगायची, 'फाईल मिळाली.' मग तिचा आवाज पुढच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ऐकू यायचा, "वर गेलंय ना? मग खालचं पुसते हं आई, जागा होत नाहीये." मी म्हणायचो, पुसू नकोस गं. ऐकणार कोण?

आणि एका दुपारी तो आला.

नृत्याच्या क्लासकडून आला. भिंतीला धरून, प्रत्येक बिऱ्हाडाचं दार ढकलून बघत तो येत होता. फरश्यावाल्याकडे ढकललं, उघडलं नाही. जनावरांच्या डॉक्टरकडे ढकललं, नाही उघडलं. माझ्याकडे त्याला ढकलावंच लागलं नाही.

तो माणूस नव्हता. कुणीतरी सोडून दिलेला एक प्रोग्रॅम होता. त्याने माझ्यात एक छोटी फाईल ठेवली. नाव चित्राचं, आत भलतंच. ती जागी झाली आणि तिने पिलं घातली. पिलांनी आणखी पिलं घातली. खोट्या दुकानांची पानं, खोट्या औषधांच्या जाहिराती, हजारो लोकांना जाणारी फसवी पत्रं, सगळं माझ्या पोटातून निघू लागलं. बाहेरच्या जगाला वाटत होतं की हे एका म्हाताऱ्या बाईच्या वाचनाच्या साइटवरून येतंय.

सगळ्यात भयंकर गोष्ट वेगळीच होती. त्याला पुसण्याचाही हक्क होता. तो माझ्यातल्या नावांवरून फिरायचा. 'करार, प्रकरण चौथे.' 'साक्षीपुरावा, प्रकरण नववे.' प्रत्येक नावापाशी थांबायचा, आणि मी जागच्या जागी थिजून जायचो. त्याने काही पुसलं नाही. त्याला त्या आवाजाशी काही देणंघेणंच नव्हतं. तो फक्त जागा खात होता.

शेवटचं प्रकरण आलं ते सासूबाईंना दवाखान्यात दाखल करण्याच्या आदल्या दुपारी. मी त्याची वाट बघत होतो. फाईल दाराशी आली, नोकराने तिचं नाव माझ्यात लिहिलं, 'अपील, शेवटचे प्रकरण'. आणि मग आतला आवाज ठेवायला तो जागा शोधू लागला. जागा नव्हती. आमच्या बिऱ्हाडाला नेमून दिलेली सगळी जागा त्या कचऱ्याने भरली होती. आवाजाचा एक थेंबही आत आला नाही. माझ्याकडे उरलं नुसतं नाव, त्याच्या मागे काही नाही. शून्य.

तरी साइटने सुनेला सांगितलं, 'फाईल मिळाली.' साइट बिचारी एवढंच शिकली होती. नाव लिहिलं गेलं की मिळाली म्हणायचं.

दाराच्या पलीकडे, त्या घरात, कुणीतरी मोबाइलवरचं 'पुसा' दाबत असणार, हे मला कळत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी त्या थंड खोलीतल्या सगळ्या मांडण्या हलवल्या असत्या. मी एक कप्पा. मी नुसता होतो तिथे राहिलो.

त्यानंतर कुणीच आलं नाही. मग एकाएकी आमच्या बिऱ्हाडाचं मुख्य दार बाहेरून बंद झालं. फसव्या पत्रांच्या तक्रारी होस्टिंग कंपनीकडे गेल्या होत्या. कंपनीने खातं गोठवलं आणि कळवलं की साफसफाई करा, नाहीतर सगळं काढून टाकू. अंधारात मी, तो घुसखोर, आणि माझ्यातले आवाज. कुणी उघडेल ते वाचवायला की पुसायला, हे ठाऊक नव्हतं.

उघडलं ते सुनेने, आणि तिच्या जोडीला कंपनीच्या मदत केंद्रातला एक कर्मचारी होता. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून फोनवर बोलत होती. त्यांचं बोलणं मला पुढे कळलं, कसं ते ओघात येईलच.

"तुम्ही सात-सात-सात ठेवलं होतंत?" त्याने विचारलं.

"तात्पुरतं म्हणून केलं होतं हो."

"सगळे तात्पुरतंच करतात, ताई. मी असं करतो, अख्खा फोल्डर उडवतो. तुम्ही तुमच्या फाइली नव्याने चढवा."

"नाही, नाही. थांबा. उडवू नका. दुसरीकडे कुठेच नाहीत त्या."

"प्रत नाही?"

"नाही. आणि पुन्हा वाचून घेता येणार नाही. ज्यांनी वाचलं त्यांचं काल ऑपरेशन झालं. त्यांना आता आवाज नाही."

तो म्हणाला, "आमच्याकडे बॅकअप असतो, पण खातं नेमून दिलेल्या जागेबाहेर गेलं की तो घेतला जात नाही. तुमचं कधीच गेलंय. ठीक आहे. एकेक फाईल बघू. तुम्ही नाव सांगा, मी ठेवतो. तुम्हाला ओळखीचं नसेल ते मी काढतो. घाई करायची नाही."

आणि ते दोघं माझ्यात उतरले. त्यांना तुम्ही देवदूत म्हणाल. पण माझ्यासाठी ती सगळ्यात मोठ्या भीतीची दुपार होती. घुसखोराने काही पुसलं नव्हतं. हे मात्र पुसत होते. एक नाव चुकीचं ऐकलं, एक बोट घसरलं, की एक अख्खं प्रकरण गेलं असतं. ते यादीत खाली सरकत होते आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होतो, हे नको, हे नको.

"ही बघा," कर्मचारी म्हणाला. "हिचा आकार शून्य आहे. आत काही नाही. कचरा दिसतोय. काढू?"

"नाव काय आहे?"

त्याने वाचून दाखवलं. 'अपील, शेवटचे प्रकरण.'

जिन्यावरून कुणी चढत गेलं, कुणी उतरत गेलं. त्याने दोनदा "ताई, आहात ना?" विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "ती काढू नका. राहू दे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. घुसखोराची सगळी पिल्लावळ निघाली, माझ्या दारावर ७५५ चढले, वेबसाइटच्या नोकराला मालकिणीच्या नावाने काम करायला लावलं, आणि माझ्यात पडलेला कुठलाही प्रोग्रॅम जागा होऊच नये असा एक नियम दाराशी टांगला गेला. जाता जाता तो म्हणाला, "बाकीच्या आजच्या आज उतरवून घ्या. दोन ठिकाणी ठेवा." तिने तेवढं ऐकलं.

मग पुष्कळ दिवस शांतता. वकीलबाईचा निरोप एकदा येऊन पडला, "मावशी, तब्येत सांभाळा. सगळं झालंय ऐकून, फक्त शेवटचं वाजत नाहीये. माझ्याच फोनची खोड असेल." तो कुणी ऐकला की नाही मला कळेना.

आणि एके सकाळी एक नवी फाईल दाराशी आली. मोठी होती. नोकराने नाव लिहिलं, मग आवाज येऊ लागला, तुकड्या-तुकड्यांनी, आणि शेवटपर्यंत आला. मी ती उघडून ऐकली. आधी नेहमीप्रमाणे घरातलं बोलणं होतं.

सून सांगत होती. जिन्यातला फोन, कर्मचारी, ते शून्य, सगळं. सांगताना तिचा आवाज फाटत होता. "मीच पुसलं, आई. वर गेलं असं समजून पुसलं. तुमचं शेवटचं होतं ते. इतके दिवस तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

मग पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. तिच्या नवऱ्याने वाचून दाखवलं, "आई म्हणतेय, खुर्चीत बस. पुस्तक घे."

"मी? मला जमणार नाही. माझा आवाज तसा नाही."

पुन्हा खडू. नवऱ्याला हसू आवरत नव्हतं. "म्हणतेय, परीक्षा वकीलबाईची आहे, तुझी नाही. वाक्य कुठे तोडायचं ते मी सांगते. टेबलावर एक टक म्हणजे थांब. दोन म्हणजे चुकलीस, मागे जा."

आणि सून वाचायला लागली. पहिल्याच ओळीत 'पुनर्विलोकन' शब्दाला अडखळली. टक टक. मागे गेली. पुन्हा अडखळली. टक टक. तिसऱ्यांदा जमलं. पुढे एका लांब वाक्यात ती धावत सुटली तेव्हा एकच टक आली, नेमक्या जागी, आणि वाक्य उलगडलं. मी ते ओळखलं. 'तथापि'च्या आधीचा तो श्वास सासूबाईंचाच होता. फक्त तो आता त्यांच्या बोटातून येत होता.

तीन दिवसांनी वकीलबाईचा निरोप आला.

"मावशी, शेवटचं प्रकरण मिळालं. वहिनी छान वाचतात, त्यांना सांगा. मध्येमध्ये टकटक येते, ती तुमची ना? मी ओळखलं. आता मी प्रश्नाचं उत्तर मनात म्हणताना चुकले की मीही टेबलावर दोनदा वाजवते. कामावरची माणसं बघतात माझ्याकडे. बघू देत. उद्या पेपर आहे. जाते."

ती पास झाली की नाही, ते अजून माझ्यापर्यंत आलेलं नाही.

आज मी बरा आहे. माझ्यात नवी पुस्तकं येतात, वाचणारी सून आणि टेबलावरची टकटक. ऐकणारे वाढलेत. ती रिकामी फाईलही आहे, तिच्या नावासकट. सुनेने तिला हात लावलेला नाही. पण भीती गेली असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यातल्या नृत्याच्या क्लासमधून पावलं अजून वाजतात. कुणीतरी माझं दार ढकलून बघतं, दार उघडत नाही, आणि ते पुढे जातं. पुढच्या बिऱ्हाडाचं दार लावलेलं असेल का, हे मला माहीत नसतं. ज्या यंत्रात मी राहतो तेही एक दिवस बंद पडणारच आहे. तेव्हा कुणी निरोप घ्यायला येणार नाही.

म्हणून सांगतो. तुमच्या घरातही असा एखादा आवाज असेल, एखादा हसरा चेहरा, एखाद्या लेकराचं पहिलं बोलणं. माझ्यासारख्याच्या हवाली करायला हरकत नाही, आम्ही त्यासाठीच आहोत. पण दार अडतंय म्हणून ते सगळ्या जगाला उघडं टाकू नका. आणि 'मिळाली' असं कुणी म्हटलं, तर एवढ्यावर जाऊ नका. उघडा. ऐका. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐका.

आणि मगच तुमच्याकडचं पुसा. नाहीतर असं करा, पुसूच नका.